लस, परवाना आणि शासन : २००८ च्या निलंबन प्रकरणाच्या संदर्भात सरकारी नियमनाची समीक्षा

प्रस्तावना

औषधांच्या व्यवहारात लसीचे स्थान वेगळे आहे. औषध आजारी व्यक्तीस दिले जाते, तर लस बहुधा निरोगी बालकास दिली जाते. औषधाचा अपाय सोसण्यामागे रोगमुक्तीची आशा असते. लसीच्या बाबतीत मात्र निरोगी शरीरावर ओढवलेला अपाय समाज क्षम्य मानत नाही. म्हणूनच लसनिर्मितीवर शासनाचे नियंत्रण असावे, हे तत्त्व जगभर मान्य झालेले आहे. सदोष लसीमुळे झालेला मृत्यू नोंदला जातो, त्याची चौकशी होते आणि जबाबदारी निश्चित केली जाते. परंतु वेळेवर न मिळालेल्या लसीमुळे जो अपाय होतो, त्याची नोंद सहसा कोणत्याही कार्यालयात होत नाही. मजुरी बुडवून उपकेंद्रावर आलेल्या मातेला ‘लस शिल्लक नाही, पुढच्या सत्राला या’ एवढेच ऐकून परत जावे लागते. पुढच्या सत्राला ती येईलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

नियमनाचा विचार करताना या दोन्ही अपायांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. त्यासाठी जानेवारी २००८ मध्ये तीन सार्वजनिक लसनिर्मिती संस्थांचे परवाने निलंबित झाल्याचे प्रकरण मध्यवर्ती मानले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. लसनिर्मितीच्या क्षेत्रात शासन कोणकोणत्या भूमिका बजावते, हे स्पष्ट करणे.

२. २००८ च्या परवाना निलंबनाचा लसपुरवठ्यावरील परिणाम तपासणे.

३. कोविड काळातील अनुभवाच्या प्रकाशात या प्रकरणाचा बोध मांडणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनसामग्रीवर आधारित आहे.

मुलकोवालचा धडा

भारतातील लसनियमनाचा विचार करताना मुंबईच्या परळपासून प्रारंभ करणे सयुक्तिक ठरेल. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगप्रतिबंधक लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या परळच्या प्रयोगशाळेतून देशभर लस जाऊ लागली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ व्यक्ती धनुर्वाताने दगावल्या. निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलल्यामुळे प्रयोगशाळेतच लस दूषित झाली, असा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब चौकशीच्या कागदपत्रांतच होती. तिचे महत्त्व मात्र उशिरा लक्षात घेतले गेले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले.

लसीचा दोष कारखान्यात, वाहतुकीत की टोचण्याच्या जागी निर्माण झाला, हे शोधण्याची विश्वासार्ह यंत्रणा नसेल तर शिक्षा चुकीच्या ठिकाणी होते, हा या घटनेचा एक बोध आहे. तिचा दुसरा बोधही विसरता कामा नये. ते १९ मृत्यू खरे होते. निर्मितीपासून टोचणीपर्यंतची प्रत्येक पायरी लेखी नियमाने बांधली पाहिजे, ही गरज अशाच घटनांतून जगाला उमगली. नियमनाकडे केवळ लालफितीचा जाच म्हणून पाहणारी टीका म्हणूनच अपुरी ठरते.

शासनाच्या तीन भूमिका

भारतात लसींचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार होत आले आहे. लसनिर्मितीच्या परवान्यास केंद्रीय मान्यता आवश्यक असते. नियमांच्या ‘अनुसूची एम’ मध्ये उत्तम उत्पादन पद्धतींचे निकष दिले आहेत. कारखान्याची जागा कशी असावी, हवा कशी गाळली जावी, कच्चा माल व तयार माल यांच्या वाटा वेगळ्या कशा ठेवाव्यात, नोंदी कशा कराव्यात, हे सर्व त्यात येते. २००१ साली हे निकष बरेच कडक करण्यात आले आणि जुन्या कारखान्यांना त्यांच्या पूर्ततेसाठी २००५ च्या मध्यापर्यंत मुदत मिळाली. याखेरीज लसीची प्रत्येक बॅच बाजारात जाण्यापूर्वी सरकारी प्रयोगशाळेकडून प्रमाणित व्हावी लागते. येथे शासन परीक्षक असते.

परंतु शासन केवळ परीक्षक नाही. १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात दरवर्षी अडीच कोटींहून अधिक नवजात बालकांचा विचार करावा लागतो. या लसी केंद्र सरकार खरेदी करते. बालकांच्या मूलभूत लसींच्या बाजारात सरकार हा सर्वांत मोठा ग्राहक आहे. तो कोणत्या दराने, किती आधी व किती वर्षांसाठी मागणी नोंदवतो, यावर कारखाना उभा राहणार की बंद पडणार हे बऱ्याच अंशी ठरते. खरेदीचे धोरण हेदेखील नियमनच होय, मग त्याला त्या नावाने कोणी संबोधो वा न संबोधो.

तिसरी भूमिका उत्पादकाची. कसौलीची केंद्रीय संशोधन संस्था (१९०५), कुन्नूरची पाश्चर संस्था (१९०७) आणि चेन्नईतील गिंडीची बीसीजी लस प्रयोगशाळा (१९४८) या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अधिपत्याखालील संस्था दशकानुदशके लस पुरवीत आल्या. या भूमिका एकमेकींत कशा गुंतल्या होत्या, याचे उदाहरण कसौलीतच सापडते. औषध नियमांनुसार लसींच्या शासकीय चाचणीचे काम दीर्घकाळ कसौलीच्या त्याच संस्थेकडे सोपविलेले होते. म्हणजे लस तयार करणारी आणि लस तपासणारी संस्था एकच होती. ही व्यवस्था सदोष होती हे मान्यच केले पाहिजे. पुढे चाचणी प्रयोगशाळा स्वतंत्र करण्यात आली, ही सुधारणा योग्य दिशेची होती.

२००८ चे निलंबन

२००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांसह झालेल्या पाहणीत या तीनही संस्था उत्तम उत्पादन पद्धतींच्या निकषांना उतरत नसल्याचे आढळले. जानेवारी २००८ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांच्या कार्यालयाकडून त्यांचे लसनिर्मितीचे परवाने निलंबित झाले. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लस, धनुर्वाताची लस आणि क्षयरोगावरील बीसीजी अशा कार्यक्रमाच्या कण्यासमान लसींचा मोठा भाग या संस्था पुरवीत होत्या. त्यानंतरच्या काळात अनेक राज्यांतून तुटवड्याच्या तक्रारी आल्या आणि सरकारला खासगी उत्पादकांवर अधिकाधिक विसंबावे लागले. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी २००९ च्या अहवालात या निर्णयावर कठोर टीका केली. सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. माजी आरोग्य सचिव जावेद चौधरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. अखेर फेब्रुवारी २०१० मध्ये निलंबन मागे घेण्यात आले.

दोन वर्षांचा काळ प्रशासनाच्या दृष्टीने अल्प वाटेल. लसनिर्मितीच्या दृष्टीने तो अल्प नाही. लस ही जिवाणू वा विषाणू यांच्या जोपासनेतून तयार होणारी जैविक वस्तू आहे. मूळ बीजसाठा सांभाळणे, जोपासना, शुद्धीकरण, विषाचे निर्विष रूपांतर, मिश्रण, भरणी आणि प्रत्येक टप्प्यावरील चाचण्या यांत महिनोन्‌महिने जातात. यंत्र बंद करून पुन्हा कळ दाबली की उत्पादन सुरू झाले, असे येथे घडत नाही. शिवाय यातील बरेचसे ज्ञान कागदावर नसते, तर वर्षानुवर्षे तेच काम केलेल्या तंत्रज्ञांच्या हातात असते. ते तंत्रज्ञ निवृत्त झाले वा दुसऱ्या कामाला लावले गेले की ज्ञानाची साखळी तुटते.

आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. डिसेंबर २०११ पासून केरळ व तमिळनाडू येथून पंचगुणी लस कार्यक्रमात आणण्यास प्रारंभ झाला आणि पुढे ती देशभर पोहोचली. बालकाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतील प्राथमिक मात्रांत त्रिगुणी लसीची जागा तिने घेतली. त्रिगुणी लस वर्धक मात्रांपुरती उरली. कसौली येथे आधुनिक निकषांनुसार त्रिगुणी लसीचे उत्पादन २०१६ साली सुरू झाले, तेव्हा तिची मागणी अशी आक्रसलेली होती. निकष पूर्ण करीपर्यंत सरकारी कारखान्याची बाजारपेठच बदलून गेली होती. पंचगुणी लसीचा स्वीकार चुकीचा होता, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ग्राहक या नात्याने लस बदलणारे शासन आणि उत्पादक या नात्याने जुन्या लसीत गुंतवणूक करणारे शासन यांच्यात मेळ नव्हता, हे स्पष्ट दिसते.

समर्थनाचे परीक्षण

निलंबनाच्या समर्थनार्थ दोन मुद्दे मांडण्यात आले. पहिला मुद्दा समन्यायाचा. खासगी कारखान्यास लागू असलेला निकष सरकारी कारखान्यास लागू नसेल, तर कायद्याला अर्थ उरत नाही. दुसरा मुद्दा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वअर्हता यादीत एखाद्या देशातील लस यावयाची असेल, तर त्या देशाची नियामक संस्था कार्यक्षम असल्याचे त्या संघटनेने मान्य करावे लागते. ती मान्यता गेली असती तर संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत होणारी भारतीय लसींची निर्यात धोक्यात आली असती. पुण्यासारख्या ठिकाणी उभा राहिलेला लसउद्योग पाहता ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही.

हे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. तरीही त्यांतून निलंबनाचे पूर्ण समर्थन होत नाही. याचे पहिले कारण असे की, या कारखान्यांचे मालक तेच आरोग्य मंत्रालय होते ज्याच्या अखत्यारीत औषध नियंत्रकाचे कार्यालय येते. २००१ च्या निकषांनुसार इमारती व यंत्रसामग्री बदलण्यासाठी लागणारा निधी वेळेत देणे हे मालकाचे कर्तव्य होते. खासगी मालकाने हयगय केली तर त्याचा धंदा बुडतो. येथे मालकाने केलेल्या हयगयीची शिक्षा मात्र कारखान्याला व बालकांना झाली. मालकास कसलीही झळ पोहोचली नाही. दुसरे कारण असे की, निकषांची अपूर्तता आणि लसीची असुरक्षितता या एकच गोष्टी नव्हेत. निकष न पाळणाऱ्या कारखान्यातील लस घातक असण्याची शक्यता वाढते, हे खरे. पण या संस्थांच्या बॅच चाचणी होऊनच बाहेर पडत होत्या. विशिष्ट बॅच घातक आढळल्यास तत्काळ उत्पादन थांबविणे आणि कारखान्याची रचना जुनी असल्यास टप्प्याटप्प्याने सुधारणा करवून घेणे, हे दोन वेगळे प्रतिसाद आहेत. तिसरे कारण असे की, आदेशाबरोबर पर्यायी पुरवठ्याचा पुरेसा आराखडा दिसला नाही.

या तिसऱ्या बाबतीत एक परदेशी उदाहरण उद्बोधक आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रिटनच्या नियामक संस्थेने लिव्हरपूल येथील कायरॉन कंपनीच्या इन्फ्लुएंझा लसीच्या कारखान्याचा परवाना जिवाणूदूषणाच्या कारणावरून निलंबित केला. त्या एका आदेशाने अमेरिकेचा त्या हंगामाचा सुमारे अर्धा लसपुरवठा नाहीसा झाला. हाही धक्काच होता आणि दोन-तीन उत्पादकांवर विसंबण्याच्या धोरणावर तेथे सडकून टीका झाली. मात्र निलंबनाची वार्ता आली त्याच दिवशी, उरलेली लस प्रथम कोणास द्यावी याचा प्राधान्यक्रम अमेरिकी आरोग्य यंत्रणेने जाहीर केला. वृद्ध, दीर्घ आजाराचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया व लहान बालके यांना आधी लस मिळावी, असे त्यात ठरले. तुटवडा टळला नाही, पण त्याचे वाटप विचारपूर्वक झाले. गुणवत्तेबाबत तडजोड न करताही पुरवठ्याचा विचार करता येतो, एवढे यातून सिद्ध होते.

सार्वजनिक म्हणजे सदोष आणि खासगी म्हणजे निर्दोष, असे समीकरणही या काळात रूढ झाले. ते तपासून पाहिले पाहिजे. मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाची तोंडावाटे द्यावयाची पोलिओ लस जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वअर्हता यादीत आली. हे महामंडळ महाराष्ट्र शासनाचे आहे. अर्थात ती लस आयात केलेल्या मूळ द्रव्यापासून मिश्रण व भरणी करून तयार होत असल्याने तिला संपूर्ण स्वावलंबन म्हणता येणार नाही. उलटपक्षी, एप्रिल २०१६ मध्ये जगभर मागे घेतलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पोलिओ विषाणूचा अंश २०१८ साली गाझियाबाद येथील एका खासगी उत्पादकाच्या लसीत आढळला आणि उत्पादन थांबवावे लागले. तात्पर्य, मालकी कोणाची यावरून लसीची शुद्धता ठरत नाही. ती निधी, शिस्त व नियमित तपासणी यांवरून ठरते.

कोविड काळातील पुनःप्रत्यय

२००८ मध्ये परीक्षक कठोर होता आणि मालक उदासीन. २०२१ मध्ये परीक्षकाने त्वरा केली, पण ग्राहक मागे राहिला. ३ जानेवारी २०२१ रोजी कोविशील्ड व कोव्हॅक्सिन या लसींना आपत्कालीन वापराची मान्यता मिळाली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती नसताना तिला मान्यता दिल्याबद्दल त्या वेळी वैज्ञानिक वर्तुळात आक्षेप घेतले गेले. म्हणजे मान्यतेच्या बाजूने पुरेशी घाई झाली. खरेदीची बाजू मात्र वेगळी होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला केंद्राने जानेवारीत दिलेली पहिली मागणी १ कोटी १० लाख मात्रांची होती. देशाची लोकसंख्या पाहता हा आकडा किती तोकडा होता, हे सांगणे नलगे.

१ मे २०२१ पासून नवे धोरण आले. उत्पादनाचा निम्मा वाटा केंद्राकडे आणि उरलेला राज्ये व खासगी रुग्णालये यांच्याकडे, अशी विभागणी झाली. एकाच कारखान्यातील एकाच लसीला तीन दर लागले. कोविशील्डची मात्रा केंद्रास १५० रुपयांना, राज्यांस ३०० रुपयांना आणि खासगी रुग्णालयांस ६०० रुपयांना मिळू लागली. राज्ये एकमेकांशी स्पर्धा करू लागली. मुंबई महानगरपालिकेने १ कोटी मात्रांसाठी जागतिक स्वारस्यपत्रे मागविली. अखेर एकही प्रस्ताव पात्र ठरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटासाठी सशुल्क लसीकरणाचे धोरण सकृद्दर्शनी मनमानी व अतार्किक असल्याचे मत ३१ मे २०२१ च्या आदेशात नोंदविले. २१ जूनपासून तीनचतुर्थांश लस केंद्राने खरेदी करून राज्यांना विनामूल्य देण्याचे धोरण अमलात आले.

याच काळात, एप्रिल २०२१ मध्ये, हाफकिन महामंडळास कोव्हॅक्सिन निर्मितीची परवानगी मिळाली. त्यासाठी जैवसुरक्षेच्या तिसऱ्या स्तराची सुविधा उभारणे आवश्यक होते आणि त्यास कित्येक महिने लागणार होते. दुसरी लाट मात्र त्याच आठवड्यांत शिखराकडे जात होती. चेन्नईजवळच्या चेंगलपट्टू येथे सरकारी खर्चाने उभारलेले लससंकुल त्या वेळी उत्पादनाविना पडून होते. परवानगी एका दिवसात देता येते, क्षमता मात्र आधीच्या दहा वर्षांत निर्माण करावी लागते. २००८ मध्ये ज्या सार्वजनिक क्षमतेकडे जुनाट ओझे म्हणून पाहिले गेले, तिचाच शोध २०२१ मध्ये घ्यावा लागला, हा योगायोग नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. लसनिर्मितीवरील कडक नियमन आवश्यक आहे. मुलकोवालपासून गाझियाबादपर्यंतचा अनुभव हेच सांगतो.

२. २००८ च्या निलंबनातील मूळ दोष निकषांच्या कठोरतेत नव्हता. मालक या नात्याने शासनाने निधी दिला नाही आणि परीक्षक या नात्याने त्याच त्रुटीची शिक्षा केली, या विसंगतीत तो होता.

३. परवाना, खरेदी व उत्पादन यांविषयीचे निर्णय वेगवेगळ्या दालनांत व वेगवेगळ्या गतीने होतात, तेव्हा पुरवठ्याची साखळी सर्वांत दुर्बल दुव्यापाशी तुटते.

सूचना

परवाना निलंबित करणाऱ्या प्रत्येक आदेशासोबत पुरवठा-परिणाम अहवाल अनिवार्य करावा. किती महिन्यांचा साठा आहे, पर्यायी उत्पादक कोण, तुटवडा पडल्यास प्राधान्य कोणास, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत. निकष बदलताना सार्वजनिक कारखान्यांसाठी त्याच वेळी निधीची तरतूद व्हावी. ‘अनुसूची एम’ ची नवी सुधारित आवृत्ती अधिसूचित झाल्यावर लहान खासगी उत्पादकांना मोठ्या उत्पादकांपेक्षा अधिक मुदत देण्यात आली. टप्प्याटप्प्याची ही सवलत खासगी क्षेत्रास देता येते, तर बालकांसाठी लस बनविणाऱ्या सार्वजनिक संस्थांस ती नाकारण्याचे कारण नाही. प्रत्येक मूलभूत लसीसाठी किमान एक सार्वजनिक उत्पादक कार्यरत राहावा आणि खरेदीचे करार अनेक वर्षांचे असावेत, म्हणजे कारखान्यांना क्षमता टिकविता येईल.

लोकप्रशासनाच्या वर्गात आपण ‘उत्तरदायित्व’ ही संकल्पना शिकवितो. लसीच्या बाटलीत दोष राहिला तर उत्तर कोणी द्यावे, हे कायदा सांगतो. बाटलीच पोहोचली नाही तर उत्तर कोणी द्यावे, हे त्याने अद्याप सांगितलेले नाही. नियमनाचा पुढचा टप्पा याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवा.